पांढऱ्या पावडरीची उचल आणि तिची वसुली



या पत्रकातून आम्ही नेहमी बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या, तोडणीचा कार्यक्रम आणि उसाचे बिल यांविषयी लिहितो. या खेपेला विषय वेगळा घेतला आहे. कारखान्यातच तयार होणाऱ्या, साखरेसारख्याच पांढऱ्या दिसणाऱ्या एका पावडरीचा हा विषय आहे. रसायनशास्त्रात तिला मेफेड्रोन म्हणतात. बाजारात तिचे नाव ‘एम. डी.’ आहे आणि मुंबईकडे तिला ‘म्याऊ म्याऊ’ असेही म्हणतात. घेतल्याबरोबर झोप उडते, थकवा पळतो, भूक मरते आणि आपल्या अंगात हत्तीचे बळ आले असे वाटू लागते. या जातीच्या पदार्थांना उत्तेजक अमली पदार्थ म्हणतात.

कोणी म्हणेल, “हे मुंबई-पुण्याचे लफडे आहे. आपल्या भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात त्याचे काय काम? इथे व्यसन म्हटले तर खर्रा आणि मोहाची दारू.” या म्हणण्यात तथ्य आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’कडून २०१८ साली देशभर पाहणी करून घेतली. १० ते ७५ वयाच्या शंभर माणसांत साडेचौदा माणसे दारू पिणारी निघाली. उत्तेजक गोळ्या-पावडरी घेणारे मात्र हजारात दोनही भरले नाहीत. तेव्हा उगाच घाबरवण्याचा आमचा हेतू नाही. दारू आणि खर्रा यांनी आपल्या गावांचे जे नुकसान चालवले आहे ते आजही कितीतरी मोठे आहे.

पण त्या पाहणीनंतरच्या काळात आपल्या राज्यात जे घडले ते पाहता, “आपल्याकडे नाही” म्हणून डोळेझाक करणे परवडणारे नाही. म्हणून ही पावडर काय आहे, शरीरात काय करते, घरात शिरली तर काय करावे आणि आपल्या शेतावरच्या शेडशी तिचा काय संबंध आहे, हे या लेखात जरा तपशिलाने सांगतो.

ही पावडर कोठे बनते?

अफू, गांजा यांना शेत लागते, पाऊस लागतो, हंगाम लागतो. एम. डी.ला यातले काही लागत नाही. रसायनांचे पिंप, दोन-चार भांडी, वीज, पाणी आणि एखादा वाट चुकलेला रसायनशास्त्राचा जाणकार मिळाला की धंदा सुरू होतो. म्हणून हा धंदा बंदरावरून किंवा सरहद्दीवरून येण्याची वाट पाहत नाही. जिथे निवांत आडोसा मिळेल तिथे तो उभा राहतो.

एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात छापा घातला आणि १८ टनांहून जास्त इफेड्रिन पकडले. इफेड्रिन हे मुळात औषध आहे, पण त्यापासून मेथ नावाचा उत्तेजक पदार्थ बनवता येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात एम. डी.चा कारखाना उघडकीस आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहत आणि दिल्ली मिळून सतराशे किलोहून अधिक माल पकडला. त्याची किंमत साडेतीन हजार कोटी रुपयांच्या वर सांगितली गेली. त्याच तपासात सांगलीजवळच्या कुपवाडमध्येही साठा सापडला. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या गुन्हे शाखेने सांगली जिल्ह्याच्या कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावी धाड घालून शंभर किलोहून अधिक माल जप्त केला.

दौंड काय, सांगली काय, हा सगळा आपल्यासारखाच ऊस पिकवणारा, सहकारी कारखान्यांचा मुलूख आहे. मुंबईची झगमग तिथे नाही. आणि हे लोण विदर्भातही आले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या महसूल गुप्तचर संचालनालयाने नागपूरच्या पाचपावली भागात एका अर्धवट बांधलेल्या इमारतीतला कारखाना पकडला. तिथे सुमारे ५२ किलो मेफेड्रोन द्रवरूपात मिळाले. डिसेंबर २०२५ मध्ये याच खात्याने वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) परिसरात झाडाझुडपांच्या आड चालणारा कारखाना उघड केला आणि सुमारे १२८ किलो माल जप्त केला.

नागपूर भंडाऱ्यापासून एसटीने दीड-दोन तासांवर आहे. मुंबई-कोलकाता महामार्ग आपल्या भंडारा, लाखनी, साकोलीवरून जातो. हावडा-मुंबई रेल्वेमार्ग वरठी आणि तुमसर रोडवरून जातो. आपली मुले शिकायला आणि कामाला नागपूर, बुटीबोरी, पुणे येथे राहतात. माल बनवणारी जागा, माल नेणारा रस्ता आणि तो घेईल असा एकटा राहणारा तरुण मुलगा, या तिन्ही गोष्टी आता आपल्या हाताच्या अंतरावर आहेत.

या पदार्थांचा पूर्वेतिहास

ही जात नवी नाही. ॲम्फेटामिन हे रसायन १८८७ साली बर्लिनमध्ये प्रथम तयार झाले. जपानी शास्त्रज्ञ नागाई यांनी इफेड्रिनपासून १८९३ साली मेथॲम्फेटामिन बनवले. जर्मनीत १९३८ साली त्याच्या गोळ्या ‘पर्विटिन’ या नावाने औषध दुकानांत मिळू लागल्या आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागे ठेवण्यासाठी त्या वाटल्या गेल्या. थोड्याच दिवसांत दिसून आले, की गोळी खाऊन दोन रात्री जागलेला शिपाई नंतर कित्येक दिवस कामाचा राहत नाही. १९४१ साली जर्मनीलाच त्यावर अफूच्या कायद्याखाली निर्बंध आणावे लागले. जपानातही युद्धकाळात हे औषध वापरात होते. युद्ध संपल्यावर त्याचे साठे बाजारात आले, व्यसनाची मोठी साथ पसरली आणि १९५१ साली खास कायदा करावा लागला. ज्या सरकारांनी जास्त काम करून घेण्यासाठी हे औषध हाताळले, त्यांनाच ते आवरताना नाकी नऊ आले.

मेफेड्रोन पहिल्यांदा बनले १९२९ साली. मग पाऊणशे वर्षे ते कोणाच्या खिजगणतीत नव्हते. इथिओपिया आणि येमेन या देशांत ‘खात’ नावाच्या झुडपाची पाने चघळतात. त्या पानांतल्या उत्तेजक द्रव्याची ही कारखान्यात बनलेली चुलत भावंडे. २००० नंतरच्या दशकात ते युरोपात विकले जाऊ लागले. कायद्याला चकवण्यासाठी विक्रेते पुडीवर काय लिहीत, तर ‘झाडांचे खत’! शेतकऱ्याने हसावे की रडावे अशी ही गोष्ट. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये मेफेड्रोन अमली पदार्थांच्या कायद्यात आले. त्याआधी ते मुंबईत स्वस्तात आणि फारशी भीती न बाळगता विकले जात होते. त्या पहिल्या काही वर्षांतच त्याने तिथे पाय रोवले.

शरीरात नेमके काय होते?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. “पावडर घेतली की ताकद येते” असे पोरे म्हणतात. ती ताकद येते कुठून?

तोडणी मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो हे आपण सारेच जाणतो. हातात एकदम मोठी रक्कम येते, चार दिवस घर भरल्यासारखे वाटते. पण ती रक्कम त्याने पुढे करायच्या मेहनतीचीच असते आणि हंगामभर कोयता चालवून ती फेडावी लागते. एम. डी. तसेच आहे. त्या पुडीत ना भाकरी आहे, ना साखर, ना रक्त वाढवणारे काही. जी शक्ती आपल्या मेंदूने आणि हृदयाने पुढच्या दिवसांसाठी राखून ठेवली असते, तीच ती आज काढून देते. आणि वसुली मुकादमापेक्षा कडक असते.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी काही रसायने साठवून ठेवतात. एक डोपामिन, दुसरे नॉरॲड्रेनलिन, तिसरे सिरोटोनिन. चांगले जेवण झाले, पोराने पहिला नंबर काढला, उसाचे बिल वेळेवर जमा झाले, की ही रसायने थोडी थोडी सुटतात आणि आपल्याला बरे वाटते. काम झाले की पेशी ती परत आत ओढून घेतात. एम. डी. काय करते? कोठीचे दार फोडून साठा एकदम बाहेर काढते आणि परत आत जाण्याची वाटही अडवते. म्हणून तो आनंद, ती हुशारी, ती बडबड. नाकाने ओढली तर काही मिनिटांत हे सुरू होते आणि दोन-तीन तासांत ओसरते. ओसरले की कोठी रिकामी! मन खाली बसते, चिडचिड होते, अंग मोडून येते. ते सहन होत नाही म्हणून दुसरी पुडी, मग तिसरी. एका रात्रीत चार-पाच वेळा घेणारे लोक असतात ते याच कारणाने. पुढे पुढे तेवढ्याच पुडीने काही होत नाही, म्हणून माप वाढत जाते.

आपल्या बॉयलरवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. वाफेचा दाब हद्दीबाहेर गेला की तो उघडतो आणि आवाज करतो. कोणी शहाणा त्या आवाजाला कंटाळून व्हॉल्व्ह बांधून ठेवत नाही. थकवा, भूक, झोप हे शरीराचे सेफ्टी व्हॉल्व्ह आहेत. एम. डी. नेमके तेच बांधून ठेवते. आत दाब वाढतच असतो. नाडी जोरात चालते, रक्तदाब चढतो, अंगातली उष्णता वाढते. ठोके अनियमित होऊन हृदय बंद पडू शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, झटके येऊ शकतात, आणि हे ऐन पंचविशीतल्या धडधाकट माणसालाही होते. आपल्या विदर्भाच्या एप्रिल-मे महिन्यातल्या उन्हात तर धोका दुप्पट, कारण उष्माघाताची जी पहिली सूचना असते, दमणे आणि तहान लागणे, तीच दबून जाते.

हे झाले ताबडतोबीचे. वारंवार घेणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम घरच्यांना जास्त छळतो. संशय वाढतो. “माझ्यावर पाळत आहे, बायकोचे काही चालले आहे, जेवणात काही घातले आहे,” असे वाटू लागते. नसलेले आवाज ऐकू येतात. वेड लागल्यासारखे वागून माणूस आपल्याच माणसांवर धावून जातो. नशा उतरल्यावर उदासी इतकी दाट असते की जीव द्यावासा वाटतो. नाकाची आतली कातडी झिजते, रक्त येते. दात कराकरा चावून दुखतात. सुई टोचून घेणारे एकमेकांची सुई वापरतात आणि एच.आय.व्ही. व काविळीचे विषाणू वाटून घेतात. शिवाय पुडीत काय काय मिसळले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. आज एक, उद्या दुसरेच.

वसुली म्हणतो ती ही. पैशाची वसुली वेगळीच.

यात सापडतो कोण?

वाया गेलेला, उनाड पोरगाच यात पडतो, हा गैरसमज आधी काढून टाकावा. कष्टाळू माणूसही पडतो, कारण त्याला जागायचे असते. ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन रात्रभर यार्डात नंबरची वाट पाहणारा ड्रायव्हर, लांब पल्ल्याचा ट्रकवाला, दोन पाळ्या ओढणारा कामगार, नागपूरला खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा, वजन उतरवण्याच्या नादाला लागलेली मुलगी. यांना कोणी तरी ओळखीचाच म्हणतो, “घेऊन तर पाहा, काही होत नाही.” पहिली पुडी बहुधा फुकट असते. आमचे म्हणणे असे, की जी वस्तू पहिल्यांदा फुकट मिळते तिचा भाव नंतर विचारून घ्यावा.

ड्रायव्हर बंधूंना खास सांगतो. पावडरीने झोप उडते, पण झोपेची गरज उडत नाही. जोर ओसरला की चाकावर बसल्या बसल्या डोळा मिटतो आणि तो क्षण सांगून येत नाही. भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना काय होईल ते सांगायला नको. झोप आली तर गाडी बाजूला लावून दोन तास झोपा. नंबर हुकला तर पुढचा लागेल. गट कार्यालयात सांगितले तर कोणी दोष देणार नाही, देऊही नये.

आणखी एक सापळा आहे. पुडीचा खर्च भागेना की विकणारा म्हणतो, “तूच चार पोरांना दे, तुझी फुकट.” असा घेणारा हळूहळू विकणारा होतो. त्याला वाटते आपण मित्राचे काम करतो. कायदा मात्र त्याला विक्रेता समजतो.

घरच्यांनी ओळखावे कसे?

दोन-तीन रात्री झोप नाही आणि मग दिवस-दीड दिवस मेल्यासारखी झोप. भूक गेलेली, महिन्या-दोन महिन्यांत अंग उतरलेले. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. जबडा सारखा हलतो, दात चावतो. सर्दी नसताना नाक गळते. एकदम फार बोलणे, एकदम गप्प. नको तेवढा संशय. पैशाची नड, मोबाईल किंवा मोटारसायकल “हरवली”. खिशात चिमुकल्या प्लास्टिकच्या पुड्या, सुरळी केलेली नोट.

यातले एखादे चिन्ह दिसले म्हणजे पोरगा नशा करतोच असे नाही. थायरॉईड, मधुमेह, मनाचा दुसरा एखादा आजार यांतही असे होते. तेव्हा चावडीवर बोभाटा करण्याआधी डॉक्टरला दाखवा. लक्ष न लागण्याच्या आजारावर काही मुलांना डॉक्टर या जातीचे औषध मापात लिहून देतात. ते औषध वेगळे, आणि ते डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नये.

प्रसंग आला तर

अंग तापून लाल झाले, छातीत दुखते, झटके येतात, माणूस भ्रमात हातपाय झाडतो किंवा शुद्ध हरपते, अशा वेळी १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. तोपर्यंत त्याला सावलीत, वाऱ्यावर ठेवा. कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा. शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. तोंडात पाणी, ताक, लिंबू काही घालू नका. दोराने हातपाय बांधू नका. बांधल्याने तो आणखी झगडतो, उष्णता वाढते आणि जिवावर बेतते. भोवती गर्दी करून आरडाओरडा करू नका. आणि दवाखान्यात खरे सांगा. “काय घेतले ते माहीत नाही, पण पावडर घेत होता,” एवढे सांगितले तरी डॉक्टरला वाट सापडते. या विषाला उतारा असे एक औषध नाही. शांत करणे, उष्णता उतरवणे, हृदय सांभाळणे हाच उपचार, आणि तो वेळेवर मिळाला तर माणूस वाचतो.

सुटका होते काय?

होते. हे आम्ही ठामपणे सांगतो, कारण “एकदा लागले की गेलाच” असे म्हणून घरचे लोक हात टेकतात.

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ म्हणजे ब्राऊन शुगरची लाट आली होती. आपल्या साखरेशी तिचा नावापलीकडे संबंध नाही, ते हेरॉईनच. त्या वेळीही लोक असेच हताश झाले होते. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेव्हापासून कितीतरी माणसे तिथून बरी होऊन आपापल्या कामाला लागली आहेत.

एम. डी. सोडल्यावर पहिले काही दिवस माणूस फक्त झोपतो आणि खातो. मग उदासी येते, ओढ येते. हा काळ सर्वांत नाजूक. त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशकाचे डबे आणि दोर नजरेआड ठेवावे. ओढ मारणारी हमखास गोळी अजून निघालेली नाही. समुपदेशन, नियमित दिनक्रम, स्वच्छ राहिल्याबद्दल लहान लहान बक्षिसे देण्याची पद्धत आणि घरच्यांची साथ यांचाच चांगला उपयोग होतो, असे अनुभवाने आणि संशोधनाने ठरले आहे. रिती झालेली कोठी भरायला अनेक महिने, कधी वर्षही लागते. मध्ये एकदा पाय घसरला तर सगळे फुकट गेले असे समजू नका. खोडव्यात तुटाळ पडली म्हणून कोणी सारा प्लॉट मोडून टाकत नाही. सांधे भरतो आणि पुढे चालतो.

भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करावी. नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, प्रादेशिक मनोरुग्णालय आणि एम्स आहे. फोनवर सल्ला हवा असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. मारहाण करणाऱ्या, साखळीने बांधणाऱ्या ‘केंद्रां’पासून मात्र सावध राहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे आणि त्याची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. हा कायदा व्यसनातून आलेल्या मनाच्या आजारांनाही लागू आहे.

कायदा काय म्हणतो?

अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे. मेफेड्रोनच्या बाबतीत २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण आणि ५० ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण धरतात. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद, मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत, आणि व्यापारी प्रमाणाला कमीत कमी दहा व जास्तीत जास्त वीस वर्षे सक्तमजुरी, शिवाय एक ते दोन लाख रुपये दंड. जामीन मिळणेही फार अवघड. ५० ग्रॅम म्हणजे किती? चहाच्या साखरेचे दहा-बारा चमचे. त्यात भेसळ असली तरी वजन सगळ्या पुडीचे धरतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला आहे. “मी फक्त पिशवी पोचवत होतो” म्हणणाऱ्या पोराच्या आयुष्याचा दहा वर्षांचा हंगाम असा जातो.

याच कायद्यात दुसरी बाजूही आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. कलम ६४-अ प्रमाणे, नशा करण्याचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि त्याने उपचार पुरे केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट टाकले तर ते संरक्षण काढून घेता येते. तेव्हा “पोलिसात नाव जाईल” या भीतीने पोराला कोठीत कोंडून ठेवू नका. लपवून नुकसानच होते.

शेड, गोदाम भाड्याने देताना

आता प्रत्येक सभासदाने ध्यानात घ्यावी अशी गोष्ट. कवठेमहांकाळ आणि कारंजा येथील प्रकार पाहिले म्हणजे कळते, की या धंद्याला गावाबाहेरची निवांत जागा हवी असते. आपल्याकडे बंद पडलेल्या राइस मिल आहेत, कोंबड्यांची रिकामी शेडे आहेत, शेतावरची गोदामे आहेत. उद्या कोणी अनोळखी माणूस येऊन चालू दराच्या दुप्पट भाडे रोख देऊ करतो, “केमिकलचा छोटा धंदा आहे, तुम्ही येण्याची तसदी घेऊ नका” असे म्हणतो, तर त्या गोडव्याला भुलू नका.

लेखी करार करा. आधारची प्रत आणि फोटो घ्या. पोलीस ठाण्यात भाडेकरूची खबर द्या. महिन्यातून एकदा जागा स्वतः पाहण्याची अट करारात घाला आणि खरोखरच पाहा. काम फक्त रात्रीच चालते, खिडक्यांना आतून ताडपत्री, मोठे पंखे सतत सुरू, डोळे झोंबणारा वास, पिंपांवरची लेबले खरवडलेली, जवळचे गवत जळाले, नाल्याचे पाणी फेसाळले, अशी चिन्हे दिसली तर स्वतः आत घुसू नका. त्या वाफा पेट घेणाऱ्या आणि विषारी असतात. ११२ वर किंवा अमली पदार्थ विभागाच्या १९३३ या क्रमांकावर कळवा. जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्या मालकाला कलम २५ प्रमाणे गुन्हेगाराइतकीच शिक्षा आहे. शिवाय असले सांडपाणी विहिरीत, बोडीत, धानाच्या बांधीत उतरले तर जागेचे भाडे संपल्यावरही ते नुकसान आपल्याच वाट्याला राहते.

शेवटी एवढेच

मुलांना भाषण देऊ नका, त्यांच्याशी बोला. नागपूर-पुण्याला असलेल्या मुलाला “पैसे पोचले का?” इतकेच विचारून फोन ठेवू नका. झोप होते का, जेवतोस कुठे, सोबती कोण, हेही विचारा. गावच्या मंडळात, गट सभेत, गणपतीच्या मांडवात हा विषय निघू द्या. ज्या घरात हे दुखणे आले आहे त्या घराला वाळीत टाकू नका, कारण लाजेने बंद झालेल्या दारामागेच हे दुखणे वाढते.

उसाला वाढायला बारा महिने लागतात. खताचा डोस दुप्पट केला म्हणून तो सहा महिन्यांत तोडणीला येत नाही, उलट लोळतो. माणसाच्या ताकदीचेही तसेच आहे. ती भाकरीतून, झोपेतून आणि रोजच्या कामातून येते. पुडीतून येते ती उचल. आणि ही उचल फेडता फेडता घरे बसतात. आपल्या कार्यक्षेत्रातल्या एकाही घरावर ती वेळ येऊ नये, म्हणून हा लेख घरातल्या सर्वांना वाचून दाखवावा, अशी सर्व सभासदांना आमची नम्र विनंती आहे.